थेंब पडलाच पाहिजे

हेमकांत आप्पा गाडी चालवतात असं म्हणणं अर्धंच खरं आहे. ते गाडीत बसतात त्यापेक्षा गाडीखाली जास्त असतात. सारंगखेड्यात आमच्या गल्लीतून जाणाऱ्यांना त्यांच्या अंगणात एक पांढरी गाडी दिसते आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. लोक पायांनाच ‘रामराम आप्पा’ करतात आणि पुढे जातात. पूर्वी गाडीखालून उलट रामराम यायचा. गेली दोनेक वर्षं येत नव्हता. कामात गुंग असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

आप्पा म्हणजे तापीकाठच्या उपसा सिंचन योजनेवरचे निवृत्त ऑपरेटर. एकतीस वर्षं त्यांनी तीन मोठे पंप सांभाळले. त्या काळात त्यांचा कान पंचक्रोशीत गाजलेला होता. लाकडी दांडक्याचं एक टोक पंपाला लावायचं, दुसरं कानाला, डोळे मिटायचे, आणि कोणतं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते सांगायचं. साहेब लोक धुळ्याहून मोजायची यंत्रं घेऊन येत आणि आप्पांनी सांगितलेलंच कागदावर लिहून परत जात. ही गोष्ट आप्पांनी मला निदान शंभर वेळा सांगितली आहे. खोटी नसावी, कारण शंभरही वेळा साहेबांची संख्या तीनच राहिली.

पंपघरातून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या. एक पान्यांची पत्र्याची पेटी आणि दुसरा एक सिद्धांत. नदीवरच्या पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती काळी दोरी भरून वरून नट आवळतात, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पण नट पुरता आवळला तर दोरी कोरडी पडून जळते आणि दांडा खराब होतो. म्हणून थोडं पाणी ठिबकू द्यायचं असतं. चांगला ऑपरेटर त्या थेंबांवरून ओळखतात. ‘थेंब पडालेच जोयजे,’ हे आप्पांचं वाक्य. ते त्यांनी पंपघरातल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं. पुढे निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या नळांना, मोऱ्यांना आणि एकदा माझ्या घराच्या छपरालाही लागू केलं. छपराचा थेंब माझ्या पुस्तकांच्या कपाटावर पडत होता. मी त्यांना शिडीसकट खाली उतरवलं.

मी त्यांची शेजारीण. गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं, म्हणून सारं गाव मला ‘बाई’ म्हणतं आणि आप्पाही तेच म्हणतात. मी शाळेची मराठी बोलते, ते अहिराणी बोलतात. चाळीस वर्षांत दोघांपैकी कुणी माघार घेतलेली नाही. मला गाडी चालवता येत नाही. नंदुरबारला बँकेत जायचं, दात दाखवायचे, खांडबाऱ्याला भाचीकडे जायचं, तर आप्पांची गाडी. गल्लीत असे माझ्यासारखे आठ-दहा जण आहेत. कुणाची सून अडली तरी आप्पा, कुणाला पहाटे रेल्वे गाठायची असली तरी आप्पा. पेट्रोल विचारलं तर रागावतात. तेव्हा मी पुढे जे लिहीत आहे त्यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते.

यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणासाठी त्यांचा मुलगा भाग्येश सुरतेहून आला. तो तिकडे कापडाच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. मुलगा चांगला आहे, फक्त काळजी करताना तो नोटीस काढल्यासारखं बोलतो. गाडीला या भाद्रपदात पंधरा वर्षं पुरी होत होती. पंधरा वर्षांनंतर गाडी परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यावी लागते, तिथे पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. भाग्येशने जेवताना जाहीर केलं की गाडी पास झाली तर तो एक शब्द बोलणार नाही. नापास झाली तर ती तो त्याच दिवशी विकणार, दुसरी घेऊन देणार नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या आप्पांनी गाडी चालवणं कायमचं बंद. आप्पांनी ताटातला रोट मोडत मान हलवली. सौदा मान्य. गाडी नापास होईल हे त्यांच्या मनातही नव्हतं. तपासणीचा गुरुवार मिळाला.

त्या गुरुवारच्या बारा दिवस आधी गाडीचं पाणी गळायला लागलं.

गळतीचं कारण साधं होतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवतो तो छोटा वॉटर पंप झिजला होता. कोणत्याही गॅरेजमध्ये तो दुपारभरात बदलून मिळाला असता. पण ‘पंप’ हा शब्द आप्पांनी ऐकला आणि विषय संपला. एकतीस वर्षं ज्याने ट्रकभर वजनाचे पंप उघडले, तो वाटीएवढ्या पंपासाठी दुसऱ्याच्या दारात जाणार होता का? त्यांनी शहाद्याहून नवा पंप आणला, मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ लावला आणि अंगणात तीन दिवस पाय दिसले. व्हिडिओतला माणूस हिंदीत ओरडून सांगत होता. त्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येत होता, इतका की तो पंप मीच बसवला असता. नव्या पंपाबरोबर खोक्यात एक पातळ पॅकिंग आलं होतं, कागदासारखं. आप्पांनी ते वेष्टणात गणलं आणि फेकून दिलं. त्याऐवजी त्यांनी पंपघराच्या रिवाजाने सुतळी आणि सफेदा लावून सांधा बसवला, बोल्ट आवळले, आणि खाली वाकून समाधानाने पाहिलं. एक थेंब जमत होता, पडत होता, पुन्हा जमत होता. जसा पाहिजे तसा.

चौथ्या दिवशी गाडी सुरू केली आणि ती किंचाळली.

इथून आप्पांच्या संशोधनाला सुरुवात झाली. एखाद्याने सरळ कान लावला असता. आप्पांनी लोकांना विचारायला घेतलं. वही काढली, पेन्सिल कानावर ठेवली आणि जो अंगणात येईल त्याच्यापुढे गाडी सुरू करून एकच प्रश्न. ‘आवाज कसा शे? नीट सांगा.’ मला त्यांच्या शिस्तीचं कौतुक वाटलं. शाळेत मी पोरांना हेच सांगत आले होते, आधी नोंद करा, मग निष्कर्ष काढा. फक्त नोंद करणाऱ्याने स्वतः काय ऐकलं ते वहीत कुठेच नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

पहिली साक्ष सुंदरबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. त्या म्हणाल्या की मांजरीच्या शेपटीवर पाट ठेवला की ती ओरडते तसा आवाज आहे. आप्पांनी लिहून घेतलं आणि खालून काहीतरी दबलेलं असणार असं ठरवून सायलेन्सरचे सगळे क्लॅम्प सैल केले. आता किंचाळीबरोबर खडखडाटही यायला लागला. मग आला नवनीत. याचं शेत यात्रेच्या मैदानाला लागून आहे. दर वर्षी यात्रेतल्या घोडेबाजाराला ते भाड्याने देतो, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला घोड्याचं माप लावतो. त्याने डोळे बारीक करून ऐकलं आणि सांगितलं की नाल सैल झालेला घोडा डांबरी सडकेवर पळतो आहे. आता हा खडखडाट सुंदरबाईंच्या मांजरीनंतर केलेल्या दुरुस्तीचा होता. ते नवनीतला कुणी सांगितलं नाही आणि आप्पांनाही उमगलं नाही. आप्पांनी चारही चाकांचे नट काढून पुन्हा आवळले. संध्याकाळ गेली.

माझी पाळी आली तेव्हा मी उपमा दिली नाही. मी सांगितलं की आवाज पुढून उजवीकडून येतो, गाडी सुरू करताना जास्त, एसी लावला की अजून जास्त, आणि सकाळी दमट हवेत सगळ्यात जास्त. याला नोंद म्हणतात. आप्पांनी ती लिहून घेतली आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. पट्टा घसरतो आहे, म्हणाले. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक रबरी पट्टा असतो, त्यावर पंप वगैरे फिरतात. तो घसरला की किंचाळतो. निदान शंभर टक्के बरोबर होतं. इथे ते थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता.

पण पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरला की त्याला राळ चोळतात, हे खान्देशात कुणालाही ठाऊक आहे. चिकटपणा येतो, पट्टा पकडतो. पंपघराचे जुने रुंद पट्टेही असेच राळेवर चालत. आप्पांनी गिरणीवाल्याकडून मूठभर राळ आणली, कुटली आणि गाडीच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी चोळली. पहिली पाच मिनिटं गाडी इतकी शांत चालली की सुंदरबाईंनी साखर वाटली. सहाव्या मिनिटाला जो आवाज झाला त्याला माझ्याकडे शब्द नाही. नवनीतचा घोडा तेव्हा त्याच्या शेतात होता, तो दावं तोडून गेला असं नवनीत सांगतो. नवनीतचं सगळंच धरू नये, पण घोडा संध्याकाळी टेकवाड्याच्या बाजूला सापडला हे खरं.

मंगळवार उजाडला. मध्ये एक दिवस, मग गुरुवार. रोज रात्री फोनवर भाग्येश विचारी, गाडी तयार का? सुंदरबाई सांगत, तयार. आणि फोन ठेवला की आप्पांकडे पाहत.

त्या सकाळी आप्पांनी नवी पद्धत काढली. जवळून आवाज गोंधळात टाकतो, दुरून खरा कळतो, असं त्यांचं म्हणणं. गाडी सुरू ठेवली, बॉनेट उघडलं आणि स्वतः फाटकाशी जाऊन पाठ टेकवून उभे राहिले. डोळे मिटलेले, मान थोडी वाकडी, हात मागे. अगदी मोठ्या गवयासारखे. मी ओट्यावर, सुंदरबाई दारात. किंचाळी असह्य होती. सुंदरबाईंनी दोन मिनिटं सोसलं, मग पदर सावरत गेल्या, खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवून गाडी बंद केली. अंगणात शांतता झाली. चिमण्यांचा आवाज आला.

आप्पा डोळे मिटून तसेच उभे होते. बराच वेळ ऐकलं. मग मान डोलावली.

‘आते बारीक व्हयना,’ ते म्हणाले. ‘बेअरिंगच शे.’

मी सुंदरबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते मी आवरलं. त्या हळू म्हणाल्या, ‘गाडी तं कव्हयनी बंद शे.’ आप्पांना तेही ऐकू गेलं नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा आम्ही दोघी त्यांच्याकडेच पाहत होतो. नंतर त्यांची नजर चावीकडे गेली.

आता सगळं जागेवर बसलं. पायांना केलेले रामराम, व्हिडिओतला ओरडणारा माणूस, आवाजाची वही. तीन पंपांच्या मधोमध एकतीस वर्षं कानात कापसाचा बोळाही न घालता बसलेला माणूस, आणि आम्ही त्याच्याकडून शंभर वेळा त्याच्याच कानाची गोष्ट ऐकत होतो. मी विज्ञान शिकवलेली बाई. मला माझाच राग आला आणि तो मी त्यांच्यावर काढला. किती दिवसांपासून हे चाललं आहे, असं मी विचारलं, अर्थात ओरडून. शेजारच्या दोन घरांची दारं उघडली.

आप्पा ओट्यावर येऊन बसले. आवाज अगदी खाली आणून, उघडलेल्या दारांना ऐकू जाऊ नये म्हणून, ते म्हणाले, ‘दोन वरीस व्हयनात. भाग्येशले सांगू नका, बाई. माले कानले मशीन लागनं ना, तो गाडी लई जाई.’

म्हणजे गाडी नापास झाली तरी गेली आणि कान नापास झाले तरी गेली. या दुहेरी परीक्षेत बिचारे दोन वर्षं कॉपी करून पास होत होते. मला दया आली. पण दया येते तेव्हा मी अधिक कडक होते, ही माझी सवय. मी त्यांना सरळ सांगितलं की हॉर्न ऐकू न येणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसणार नाही आणि गल्लीतल्या कुणालाही बसू देणार नाही. भाग्येशला मी काही कळवणार नाही, पण दोन अटी. गाडी आजच्या आज जामसिंगकडे न्यायची. आणि गुरुवारी नंदुरबारला गेल्यावर तपासणी झाली की कानाच्या डॉक्टरकडे जायचं. जाताना मी पुढे बसेन आणि मागून कुणी हॉर्न दिला की मी सांगेन.

दुसरी अट त्यांनी ताबडतोब कबूल केली. पहिलीवर अडले.

जामसिंग कोण ते सांगायला हवं. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, पावरा आदिवासी घरातला. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना पंपघरावर रोजंदारीने आला तो ऊसतोडीच्या मुकादमाला चुकवून. आप्पांनी त्याला ठेवून घेतलं, पाना धरायला शिकवलं, दांडकं कानाला लावायला शिकवलं. आज चाळिशीचा आहे. शहाद्याच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे आणि ट्रॅक्टर, जीप, मोटारी रांगेत उभ्या असतात. आप्पा त्याचा उल्लेख ‘मन्हा चेला’ असा करतात, पण आपली गाडी त्यांनी त्याला कधी बोटही लावू दिलेली नव्हती. गुरूने चेल्याकडे जायचं ते आशीर्वाद द्यायला, पंप दाखवायला नव्हे, असं काहीसं असावं. मी म्हटलं, मग सुरतेहून भाग्येश येईल. आप्पा उठले आणि चावी घेतली. हॉर्न सांगायला मी पुढे बसले.

गॅरेजमध्ये जामसिंगने हात पुसून आप्पांच्या पायाला हात लावला, खुर्ची मागवली, चहा सांगितला. मग बॉनेट उघडून गाडी सुरू करायला लावली. त्याने काही विचारलं नाही, दांडकंही लावलं नाही. प्यायच्या बाटलीतलं थोडं पाणी फिरत्या पट्ट्यावर शिंपडलं. आवाज एकदम दुप्पट झाला. मी कान झाकते आहे तोवर थोडा उतरला. त्याने गाडी बंद केली, पट्ट्यावर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. राळेचा वास त्याला माहीत होता. वास घेताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्याने ते तिथेच दाबलं. मग विजेरी घेऊन खाली वाकला. बराच वेळ वाकलेला होता.

उठला तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेत उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या पोराचा होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की पंपाच्या सांध्यातून पाणी ठिबकतं, ते पट्ट्यावर पडतं, पट्टा घसरतो, वरून राळ, तिने पट्ट्याच्या सगळ्या खाचा भरल्या आहेत, पट्टा गेलाच. आणि बाई, हे आप्पांना तुम्ही सांगा.

मी नकार दिला. मी सांगितलं असतं तर आप्पांनी मला पंपघराची गोष्ट ऐकवली असती आणि एकशे एकाव्यांदा तीन साहेब आले असते. ‘तू सांग,’ मी म्हटलं. ‘आणि मोठ्याने सांग. त्यांना ऐकू येत नाही.’

त्याने आप्पांकडे पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी त्यालाही कळलं, आणि मला जे कळायला दोन वर्षं लागली ते त्याला बहुधा आधीच थोडं ठाऊक होतं. तो आप्पांच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. गॅरेजमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं, एक ट्रॅक्टरवाला, समोर चहाची टपरी. हळू बोलून भागणार नव्हतं. गुरूची चूक गुरूला ओरडून सांगायची, आणि त्या ओरडण्यात उद्धटपणा येऊ द्यायचा नाही, असलं अवघड काम मी आयुष्यात कुणाला करताना पाहिलेलं नाही.

‘आप्पा,’ तो दोन्ही हात जोडून ओरडला, ‘तुम्ही शिकाडेल थेंब आठे, गाडीमा, चालत नही.’

टपरीवरचे लोक वळले. आप्पांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग गाडीकडे. वाकले, गाडीखाली पाहिलं. तिथे त्यांचा थेंब जमत होता. तो पडला, पट्ट्याच्या कडेवर आदळला आणि फुटला. आप्पांनी दुसराही पडू दिला. त्या माणसाच्या डोक्यात एकतीस वर्षांचं पाणी कसं वर-खाली झालं असेल ते मला बाहेरूनही दिसत होतं.

‘मंग नदीवर?’ त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

‘नदीवर तुम्हीच खरा, आप्पा,’ जामसिंग तितक्याच जोरात ओरडला. ‘आठला पंप कोरडा जोयजे.’

आप्पांनी शर्टाच्या खिशातून चौदा नंबरचा पाना काढला. हा पाना ते खिशात घेऊन फिरतात, लग्नालासुद्धा. तो त्यांनी जामसिंगच्या हातात दिला. जामसिंगकडे अशा पान्यांची आख्खी भिंत होती, पण त्याने तोच वापरला. मग चार तास आप्पांनी विजेरी धरली. मध्ये दोनदा त्यांनी ती नको तिथे धरली आणि जामसिंगने त्यांचं मनगट अलगद फिरवलं. तिसऱ्यांदा फिरवावं लागलं नाही. सुतळी, सफेदा निघाला, कागदासारखं पॅकिंग बसलं, नवा पट्टा आला, सायलेन्सरचे क्लॅम्प आवळले गेले. गाडी सुरू केली आणि मी टपरीवरच्या रेडिओतल्या बातम्या ऐकल्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आवाज नाही. तेवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

गुरुवारी पूल ओलांडून आम्ही निघालो, मी पुढे, सुंदरबाई मागे. वाटेत मी सतरा वेळा ‘हॉर्न’ म्हटलं. त्यातले दोन हॉर्न नव्हते, बैलांच्या घुंगरमाळा होत्या, पण सावध असलेलं बरं. परिवहन कार्यालयातला निरीक्षक तरुण होता, चष्मा लावलेला, फारसं न बोलणारा. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, गाडी सुरू करून बॉनेटवर वाकला आणि ऐकत राहिला. आप्पा त्याच्या शेजारी तसेच वाकून ऐकत होते, डोळे मिटून. मी श्वास धरून होते, त्यांनी काही निदान सांगू नये म्हणून. निरीक्षकाने हात खाली घालून पंपाची बाजू चाचपली. बोट कोरडं निघालं. काम कुणी केलं, त्याने विचारलं. आप्पा अजून इंजिनच ऐकत होते. मी कोपर मारून प्रश्न त्यांच्या कानात परत ओरडले.

‘जामसिंगनी,’ आप्पा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, ‘मी बत्ती धरी.’

पाच वर्षं मिळाली. सुंदरबाईंनी बाहेर येऊन ताबडतोब भाग्येशला फोन लावला आणि गाडी पास झाल्याचं सांगितलं. एक शब्द बोलणार नाही म्हणाला होता, तो शब्द त्याने पाळला. आप्पा गाडीच्या छपरावर हात ठेवून उभे होते.

आता दुसरी अट. पास झाल्यावर आप्पांना पुढच्या महिन्यात कान दाखवणं अधिक शास्त्रीय वाटायला लागलं. मी गाडीत बसायला नकार दिला. भर उन्हात परिवहन कार्यालयाच्या फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. दहा मिनिटांत आप्पा शास्त्र विसरले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दोन्ही कानांच्या आलेखाची घसरगुंडी कागदावर काढून दाखवली आणि आठ दिवस वापरून पाहा म्हणून दोन छोटी यंत्रं कानामागे बसवून दिली. चालवायला हरकत नाही, मात्र ही घालूनच, असं त्यांनी बजावलं. यंत्र कानात बसलं तेव्हा आप्पांनी आधी त्यांच्या टेबलावरच्या पंख्याकडे पाहिलं. ‘बुश गयेल शे,’ ते म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हो, दुरुस्तीला द्यायचा आहे.

परतीच्या वाटेवर मी एकदाही ‘हॉर्न’ म्हटलं नाही. आप्पा मान वाकडी करून चालवत होते. मला वाटलं भारावले असतील. सुंदरबाई तर मागे डोळे पुसत होत्या. आप्पांनी काच खाली केली, वर केली, खाली केली. एसी लावला, बंद केला. खड्ड्यावरून गाडी गेली तेव्हा त्यांचा चेहरा आक्रसला. दुसऱ्या खड्ड्याला त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो खड्डा मी खणला होता. पुलावर आल्यावर गाडी हळू केली आणि डावा कान डॅशबोर्डकडे नेला. तापी भरून वाहत होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘हाऊ आवाज कितला दिन पाईन येस?’

कोणता, मी विचारलं. कारण निदान पाच होते. डाव्या दाराचा, मागच्या सीटखालचा, गिअर टाकतानाचा, काचेचा, आणि वळताना खालून येणारा एक कण्हण्यासारखा. आम्हाला सगळ्यांना ते पाठ होते. आप्पांनी बोटाने खाली दाखवलं. कण्हणारा.

‘दोन वर्षांपासून,’ मी म्हटलं.

‘नी कोन्ही सांगं नही?’

‘रोज सांगत होतो.’

मागून सुंदरबाई म्हणाल्या की दाराचं तर त्या लग्नाच्या वाढदिवसालाही बोलल्या होत्या. आप्पांनी मान हलवली. पूल संपला, आमच्या गल्लीचं वळण आलं. मी पर्स सावरून उतरायच्या तयारीला लागले. आप्पांनी वळणावर गाडी हळूसुद्धा केली नाही. आमचं घर, अंगण, पान्यांची पेटी सगळं डावीकडे मागे पडलं आणि गाडी शहाद्याच्या रस्त्याला लागली.

कुठे निघालात, मी विचारलं. मला भूक लागली होती.

‘जामसिंगकडे,’ आप्पा म्हणाले. ‘त्याले दखाडूत.’ आणि मला म्हणाले, जरा हळू बोला बाई, एवढं ओरडायला काय झालं.